बिनपगारी फौजेचा सर्वाधिकारी : मोबुटू आणि त्याचा झाईर

१९९७च्या मे महिन्यातली गोष्ट. काँगोच्या उत्तर टोकाला, जंगलात वसलेल्या गबाडोलितेच्या विमानतळावरून एक रशियन बनावटीचं मालवाहू विमान घाईघाईनं उडालं. आत ६६ वर्षांचा, कर्करोगानं पोखरलेला एक माणूस होता, सोबत त्याचं कुटुंब. विमान सुटताना खालच्या सैनिकांनी त्यावर गोळ्या झाडल्या. हे सैनिक बंडखोरांचे नव्हते. ते त्याचेच होते, त्याच्याच मुलखातले. आपल्याला मागे टाकून हा निघून चालला, या संतापानं पेटलेले.

ज्या धावपट्टीवरून हे विमान उडालं ती सव्वातीन किलोमीटर लांब आहे. काँकॉर्ड हे आवाजाहून वेगानं उडणारं प्रवासी विमान उतरता यावं म्हणून ती तेवढी लांब बांधली होती, आणि हा माणूस भाड्यानं घेतलेल्या काँकॉर्डमधून इथं येत-जातही असे. त्याचं नाव मोबुटू सेसे सेको. १९६५ ते १९९७ अशी जवळजवळ बत्तीस वर्षं त्यानं भारताच्या सुमारे ७० टक्के क्षेत्रफळाच्या देशावर राज्य केलं.

लष्करी हुकूमशहा म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर बंदुका आणि तुरुंग येतात. ते मोबुटूकडेही होतं. पण त्याच्या फौजेला महिनोन्‌महिने पगार मिळत नसे. अनेक सैनिकांकडे धड गणवेश नव्हते, आणि ही फौज जवळपास प्रत्येक खऱ्या लढाईत पळून गेली. मग हा माणूस बत्तीस वर्षं टिकला कशावर? मला या सगळ्या कहाणीत हाच प्रश्न महत्त्वाचा वाटतो. त्याचं उत्तर कळलं की काँगो आज असा का आहे, याचाही बराच उलगडा होतो.

आधी नावांचा घोळ मिटवू. काँगो नदीच्या दोन बाजूंना दोन काँगो आहेत. नदीच्या पश्चिमेचा, ब्राझाव्हिल राजधानी असलेला काँगो पूर्वी फ्रान्सकडे होता, तो वेगळा. आपण बोलतोय ते किन्शासा राजधानी असलेल्या मोठ्या काँगोबद्दल. बेल्जियन काँगो, मग नुसता काँगो, १९७१ ते १९९७ झाईर आणि आता काँगो लोकशाही प्रजासत्ताक, ही सगळी एकाच देशाची नावं. किन्शासाचं जुनं नाव लिओपोल्डव्हिल.

त्या जुन्या नावातला लिओपोल्ड म्हणजे बेल्जियमचा राजा दुसरा लिओपोल्ड. १८८५ ते १९०८ हा सगळा मुलूख बेल्जियमच्या सरकारचा नव्हे, तर या एका माणसाची खासगी मालमत्ता होता. रबराचा ठरलेला भरणा झाला नाही म्हणून माणसांचे हात तोडले गेले ते याच काळात. पुढे बेल्जियमच्या सरकारनं कारभार हाती घेतला. खाणी निघाल्या, रेल्वे आली, मिशनच्या शाळा आणि दवाखाने उघडले. पण स्थानिक माणसानं कारकून किंवा हवालदाराच्या वर चढायचं नाही, हा अलिखित नियम कायम राहिला. १९६० साली स्वातंत्र्य मिळालं तेव्हा देशात काँगोली पदवीधर तीससुद्धा नव्हते. सैन्यात एकही काळा अधिकारी नव्हता. कारभार चालवायला माणसंच तयार होऊ दिली नाहीत, आणि मग एका सकाळी किल्ल्या हातात ठेवल्या.

मोबुटूचा जन्म १४ ऑक्टोबर १९३०चा, काँगो नदीकाठच्या लिसाला गावातला. मूळ नाव जोसेफ-देझिरे मोबुटू. वडील एका बेल्जियन न्यायाधीशाकडे स्वयंपाकी होते. मुलगा आठ वर्षांचा असताना ते वारले आणि पोर नातेवाइकांकडे वाढलं. मिशनच्या शाळेत तो हुशार होता, पण दंगेखोर. एकदा बोटीत लपून राजधानी गाठली. पाद्र्यांनी शिक्षा म्हणून त्याला वसाहतीच्या सैन्यात धाडलं. शिक्षा म्हणून मिळालेलं हे सैन्य त्याच्या पथ्यावर पडलं. तिथं तो कारकुनी शिकला, हाती येईल ते वाचत राहिला आणि काळ्या माणसाला मिळू शकणाऱ्या सर्वांत वरच्या पदापर्यंत, म्हणजे सार्जंट-मेजरपर्यंत पोचला. १९५६ साली सैन्य सोडून तो पत्रकार झाला. त्याच दिवसांत त्याची पॅट्रिस लुमुम्बा यांच्याशी गाठ पडली. लुमुम्बा त्या पिढीचे सर्वांत तेजस्वी नेते होते; मोबुटू त्यांचा विश्वासू साथीदार झाला.

३० जून १९६०ला स्वातंत्र्य मिळालं. लुमुम्बा पंतप्रधान, जोसेफ कासावुबू राष्ट्राध्यक्ष. पाच दिवसही शांततेत गेले नाहीत. सैन्याचा बेल्जियन सेनापती जनरल यान्सेन्स यानं सैनिकांसमोर फळ्यावर लिहिलं, ‘स्वातंत्र्यापूर्वी = स्वातंत्र्यानंतर’. तुमच्यासाठी काहीही बदललेलं नाही, असा त्याचा अर्थ. सैनिकांनी बंड केलं. ते शमवण्यासाठी लुमुम्बांनी सैन्यात घाईघाईनं काँगोली अधिकारी नेमले. त्यात सैन्याचा अनुभव असलेला, वाचता-लिहिता येणारा आणि भरवशाचा म्हणून मोबुटूला कर्नल करून सेनाप्रमुखाच्या कार्यालयात बसवलं. तो तेव्हा तिशीचाही नव्हता.

पुढचे दोन महिने गोंधळाचे. खनिजांनी भरलेला कटांगा प्रांत बेल्जियमच्या पाठबळावर फुटून निघाला. संयुक्त राष्ट्रांची फौज आली, पण तिनं कटांग्यावर चालून जायला नकार दिला, म्हणून लुमुम्बांनी सोव्हिएत संघाकडे मदत मागितली. अमेरिकेच्या दृष्टीनं त्या क्षणी त्यांचा निकाल लागला. ५ सप्टेंबरला कासावुबूंनी लुमुम्बांना बडतर्फ केलं, लुमुम्बांनी उलट कासावुबूंना. आणि १४ सप्टेंबरला मोबुटूनं रेडिओवरून जाहीर केलं की दोघांनाही बाजूला ठेवून आता सैन्य लक्ष घालणार. दोन मांजरांच्या भांडणात लोणी कुणाच्या हाती जातं, ते आपण शाळेत शिकलो आहोत.

या बंडामागे अमेरिकेची सीआयए होती, आणि हा काही अंदाज नाही. तिचा तिथला प्रमुख लॅरी डेव्हलिन यानं आपण मोबुटूला पाठिंब्याचा शब्द आणि पैसे दिल्याचं पुढे स्वतः सांगितलं. भारताचाही या घटनांशी जवळचा संबंध आला. त्या महिन्यांत संयुक्त राष्ट्रांच्या महासचिवांचे तिथले प्रतिनिधी होते राजेश्वर दयाल, आपले मुत्सद्दी. मोबुटूची राजवट बेकायदा आहे, या भूमिकेवर ते ठाम राहिले, म्हणून ते मोबुटूला आणि अमेरिकेला दोघांनाही नकोसे झाले. संयुक्त राष्ट्रांच्या पहाऱ्यातून निघून आपल्या समर्थकांकडे जायला निघालेले लुमुम्बा डिसेंबरच्या सुरुवातीला मोबुटूच्या सैनिकांच्या हाती लागले. १७ जानेवारी १९६१ला त्यांना विमानानं कटांग्याला, म्हणजे त्यांच्या हाडवैऱ्यांच्या ताब्यात पाठवलं. त्याच रात्री त्यांना गोळ्या घातल्या. नंतर एका बेल्जियन पोलीस अधिकाऱ्यानं प्रेत उकरून, तुकडे करून आम्लात विरघळवलं आणि एक दात आठवण म्हणून जवळ ठेवला. कटांग्यातच, त्याच वर्षी ५ डिसेंबरला, संयुक्त राष्ट्रांच्या फौजेतले आपले कॅप्टन गुरबचन सिंग सलारिया धारातीर्थी पडले. त्यांना परमवीर चक्र मिळालं.

पाच वर्षं मोबुटू पडद्यामागे राहिला. २४ नोव्हेंबर १९६५च्या रात्री सेनाधिकाऱ्यांची बैठक झाली आणि दुसऱ्या दिवशी देशाला कळलं की आता राष्ट्राध्यक्ष मोबुटू. पाच वर्षं राजकारण बंद, मग पुन्हा सुरळीत, असं त्यानं सांगितलं होतं.

सुरुवात त्यानं दहशतीनंच केली. जून १९६६मध्ये माजी पंतप्रधान एव्हारिस्त किंबा आणि तीन माजी मंत्र्यांना कटाच्या आरोपाखाली राजधानीत हजारो लोकांसमोर फाशी दिलं. सुनावणी काही मिनिटांत उरकली होती. १९६८ साली पिएर म्युलेले या बंडखोर नेत्याला माफीचं वचन देऊन परत बोलावलं आणि हालहाल करून मारलं. पण त्याच १९६६ साली त्यानं लुमुम्बांना ‘राष्ट्रवीर’ जाहीर केलं. ज्यांना मृत्यूच्या दारात पाठवलं, त्यांचंच नाव आपल्या झेंड्यावर लावलं. मोबुटूची अक्कल इथं दिसते. मेलेला शत्रू असो की जिवंत, त्याला वापरायचं कसं, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

आता मूळ प्रश्न. फाशी देऊन माणसं गप्प बसतात, पण बत्तीस वर्षं नाहीत. मोबुटूचं खरं हत्यार होतं वाटप.

आपल्या इतिहासातला एक फरक इथं कामी येईल. वतन आणि सरंजाम. वतन पिढीजात, वतनदार त्या गावात मुळं धरतो आणि एक दिवस राजालाही जुमानत नाही. सरंजाम नेमून दिलेला, चाकरी आहे तोवर; दिला तसा काढून घेता येतो. मोबुटूनं कुणालाच वतन दिलं नाही. मंत्रिपद, सरकारी कंपनीचं अध्यक्षपद, राज्यपालपद, वकिलात, सगळं त्याच्या मर्जीवर. आणि प्रत्येक पदाबरोबर त्या पदावरून खायची मुभा. मंत्री सारखे बदलायचे. आज खुर्चीवर असलेल्याला ठाऊक असे की उद्या ती जाणार, म्हणून तो आजच ओरबाडून घेई. ओरबाडलं की त्याची कागदपत्रं मोबुटूकडे जमा होत. वाकडा गेला तर भ्रष्टाचाराचा खटला तयारच.

न्गुझा कार्ल-इ-बाँद या माणसाची कहाणी वाचली की ही पद्धत आरशासारखी स्पष्ट होते. १९७७ साली तो परराष्ट्रमंत्री होता. देशद्रोहाचा आरोप झाला, तुरुंगात छळ झाला, फाशीची शिक्षा झाली. मग माफी मिळाली आणि १९७९मध्ये पुन्हा परराष्ट्रमंत्री. १९८०मध्ये पंतप्रधान. १९८१मध्ये देश सोडून पळाला आणि अमेरिकी संसदेच्या समितीसमोर मोबुटूच्या चोरीचा पाढा वाचला. १९८५मध्ये परत आला, आणि पुढच्याच वर्षी मोबुटूनं त्याला अमेरिकेत आपला राजदूत म्हणून पाठवलं! नंतर तो पुन्हा परराष्ट्रमंत्री आणि पुन्हा पंतप्रधानही झाला. शत्रूला मारलं तर त्याच्या मागे दुसरा उभा राहतो. शत्रूला विकत घेतलं तर त्याच्या मागे उभे असलेले सगळेच खचतात. ‘हाही शेवटी तसलाच’ असं लोक म्हणतात आणि पुढच्या कुणावर विश्वास ठेवत नाहीत. विरोध मोडायचा याहून खात्रीचा मार्ग मला तरी माहीत नाही.

वाटायला माल कुठून येत होता? जमिनीखालून. कटांग्याचं तांबं आणि कोबाल्ट, कसाई प्रांतातले हिरे. हिरोशिमावर पडलेल्या बॉम्बचं बहुतांश युरेनियमसुद्धा याच मातीतलं, शिंकोलोब्वेच्या खाणीतलं. १९६७च्या सुरुवातीला मोबुटूनं बेल्जियनांची बलाढ्य खाण कंपनी ‘युनियन मिनिएर’ राष्ट्राच्या मालकीची केली. तीच पुढे ‘जेकामीन’ झाली. त्या काळी तांब्याला चांगला भाव होता आणि पहिली सात-आठ वर्षं बरी गेली. बंडाळ्या थांबल्या होत्या, नवं चलन ‘झाईर’ आलं होतं आणि एका झाईरला २ अमेरिकन डॉलर मिळत. लोकांना हा माणूस खरोखर आवडत होता.

त्यानं लोकांना आणखी एक गोष्ट दिली, ती म्हणजे मान. १९७१मध्ये देशाचं आणि नदीचंही नाव झाईर केलं. ख्रिस्ती नावं सोडून आफ्रिकी नावं घ्या, असा हुकूम निघाला. स्वतः जोसेफ-देझिरे टाकून ‘मोबुटू सेसे सेको कुकू न्ग्बेंदू वा झा बांगा’ झाला. पुरुषांनी कोट-टाय घालायचा नाही, त्याऐवजी बंद गळ्याचा ‘आबाकोस्त’. त्याची बिबट्याच्या कातड्याची टोपी आणि नक्षीदार काठी याच काळातली. याला तो ‘अस्सलपणा’ म्हणे. या सगळ्याची आज चेष्टा होते, पण मला ती करावीशी वाटत नाही. ज्यांना ऐंशी वर्षं माकडं म्हणून हिणवलं गेलं, त्यांना कुणीतरी आपलं नाव, आपला पेहराव, आपलं संगीत मोठं आहे असं सांगत होतं. दोनशेहून अधिक जमातींच्या या देशात ‘आपण एक’ ही भावना रुजली, ती पुढच्या युद्धांतही पुरती मेली नाही. तिचं थोडं श्रेय या काळाला द्यावं लागतं. दुःख हे की हा मान हळूहळू एकाच माणसाच्या पायाशी जाऊन पडला. दूरदर्शनवर संध्याकाळच्या बातम्यांआधी मोबुटूचा चेहरा ढगांतून खाली उतरताना दाखवत. शाळांतल्या क्रूसांच्या जागी त्याच्या तसबिरी लागल्या, नाताळची सुट्टी रद्द झाली. देशात पक्ष एकच, आणि जन्मलेलं प्रत्येक मूल त्याचं सदस्य.

मग आला १९७३चा नोव्हेंबर. मोबुटूनं जाहीर केलं की परदेशी लोकांची दुकानं, मळे आणि छोटे-मध्यम धंदे आता झाईरच्या नागरिकांचे. ग्रीक, पोर्तुगीज, बेल्जियन आणि पूर्वेकडचे भारतीय-पाकिस्तानी व्यापारी एका फटक्यात बेदखल झाले. कागदावर हे राष्ट्रप्रेम होतं. प्रत्यक्षात ज्यांना हे धंदे मिळाले ते मंत्री, पक्षाचे पुढारी, सेनाधिकारी आणि त्यांचे सगेसोयरे होते. सर्वांत मोठ्या मळ्यांचा वाटा मोबुटूकडे गेला. नव्या मालकांनी दुकानातला माल विकला, पैसे खिशात घातले आणि नवा माल भरलाच नाही, कारण तो मागवायचा कुणाकडून आणि उधारी कोण देणार, हे ठाऊक असलेला माणूस निघून गेला होता. कपाटं रिकामी झाली. खेड्यातून धान्य उचलणारा आणि बदल्यात मीठ, साबण, कापड पोचवणारा दुवाच तुटला. आणि त्याच सुमाराला जगात तांब्याचे भाव वर्षभरात निम्म्याहून खाली आले. १९७६पर्यंत सरकारनं जुन्या मालकांना परत बोलावलं, पण परतलेले थोडे होते. गंमत म्हणजे बाहेरच्या जगाला झाईरची त्या काळातली आठवण वेगळीच आहे : ऑक्टोबर १९७४मध्ये किन्शासात झालेली महंमद अली आणि जॉर्ज फोरमनची मुष्टियुद्धाची लढत. दोघांना मिळून १ कोटी डॉलर देण्याची हमी झाईरनं घेतली होती.

१९७६च्या मे महिन्यात एका जाहीर सभेत मोबुटूनं लोकांना सांगितलं की चोरायचंच तर थोडं-थोडं, हुशारीनं चोरा. एका रात्रीत श्रीमंत व्हायला गेलात तर पकडले जाल. एखाद्या देशाचा प्रमुख भर सभेत हे म्हणतो, यात सगळा कारभार आला. कुंपणच शेत खातं, अशी आपल्याकडे म्हण आहे. इथं कुंपणाला तसं करायची रीतसर परवानगी होती.

ही परवानगी वरून खाली झिरपत शेवटच्या शिपायापर्यंत पोचली. शिक्षकाला पगार नाही, म्हणून तो पालकांकडून वसूल करी. नर्सला पगार नाही, म्हणून इंजेक्शनचे पैसे आधी मोजायचे. सैनिकांचे पगार जनरलांच्या हातून येत आणि तिथंच अडकत, म्हणून सैनिक रस्त्यावर अडथळे लावून बाजाराला जाणाऱ्या बायकांच्या टोपलीतला वाटा काढून घेत. लोक याला ‘कलम पंधरा’ म्हणत. राज्यघटनेत नसलेलं, पण सगळ्यांना पाठ असलेलं कलम : तुमचं तुम्ही बघा. किन्शासातला माणूस आजही हे शब्द वापरतो.

मग पगार नसलेली फौज मोबुटूवरच का उलटली नाही? एक तर ती मुद्दामच दुबळी ठेवली होती. लढाऊ सैन्य सत्ता घेऊ शकतं, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? त्यानं एकमेकांवर नजर ठेवणाऱ्या वेगवेगळ्या फौजा आणि गुप्तचर खाती उभी केली. त्यातली एकच नीट पोसलेली, इस्रायली प्रशिक्षकांनी घडवलेली होती : त्याची स्वतःची रक्षक तुकडी, आणि तिच्यात भरणा त्याच्या न्ग्बांदी जमातीचा. दुसरं, खरी लढाई आलीच तर लढायला बाहेरचे येत. १९७७ साली अंगोलातून आलेल्या बंडखोरांनी शाबावर, म्हणजे जुन्या कटांग्यावर हल्ला केला, तेव्हा फ्रेंच विमानांतून मोरोक्कोचे सैनिक आले. १९७८मध्ये बंडखोरांनी कोल्वेझी हे खाणीचं शहर घेतलं, तेव्हा फ्रान्सचे छत्रीधारी सैनिक उतरले आणि बेल्जियमचेही.

हे देश का धावून येत होते? शीतयुद्धामुळे. आफ्रिकेच्या मधोमध, नऊ देशांना सीमा लागलेला, खनिजांनी भरलेला देश कम्युनिस्टांकडे जाऊ नये, एवढी एकच फूटपट्टी होती. शेजारच्या अंगोलातल्या कम्युनिस्टविरोधी बंडखोरांना अमेरिकेची शस्त्रं झाईरमधूनच जात. १९६३मध्ये केनेडींनी मोबुटूचं व्हाइट हाउसमध्ये स्वागत केलं होतं. १९८९मध्ये थोरल्या बुश यांनीही केलं.

त्याची चोरी त्यांना माहीत नव्हती असं नाही. १९७८मध्ये आंतरराष्ट्रीय नाणेनिधीनं एर्विन ब्लुमेंथाल या जर्मन बँकरला झाईरच्या मध्यवर्ती बँकेत हिशेब लावायला बसवलं. तो वर्षभरही टिकला नाही. परकीय चलन द्या म्हणून सशस्त्र सैनिक त्याच्या कार्यालयात घुसले होते. त्यानं अहवालात साफ लिहिलं की वरपासून खालपर्यंत सगळं सडलेलं आहे आणि कर्ज देणाऱ्यांना पैसे परत मिळण्याची कसलीही शक्यता नाही. तरी कर्जं येत राहिली. पैसे देणाऱ्याला ते कुठं जाणार हे ठाऊक असेल, तर त्या कर्जाचा भार काँगोच्या शेतकऱ्यावर का टाकायचा, याचं पटण्यासारखं उत्तर मला आजवर कुणी दिलेलं नाही.

काही पैसा बांधकामात गेला, तोही बघण्यासारखा. काँगो नदीवर इंगा इथं धरण बांधलं आणि तिथून शाबाच्या खाणींपर्यंत सुमारे १७०० किलोमीटर लांब विजेची तार ओढली. ही तार ज्या गावांच्या डोक्यावरून जाते त्यांना त्यातली वीज नाही. कारण तार घातली ती खाणींसाठी, आणि राजधानीच्या हातात शाबाचं बटण असावं म्हणूनही. कटांगा पुन्हा फुटायला निघाला, तर दिवा इथूनच विझवता येईल.

बाकीचा पैसा गबाडोलितेत गेला. मोबुटूच्या पूर्वजांच्या मुलखातल्या या लहानशा गावात इटालियन संगमरवराचे राजवाडे, कारंजी, पंचतारांकित हॉटेल उभं राहिलं. शिवाय फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर व्हिला, स्वित्झर्लंडमध्ये बंगला, बेल्जियममध्ये मालमत्ता. त्याच्या संपत्तीचा अंदाज ४-५ अब्ज डॉलर असा सांगितला जाई. पण मृत्यूनंतर स्विस बँकांत त्याच्या नावावर त्या मानानं फारच थोडं सापडलं. बराचसा पैसा वाटपातच गेला असणार. बत्तीस वर्षं इतक्या लोकांना विकत घेत राहायचं, तर ते स्वस्त पडत नाही.

१९८९नंतर हा सगळा डोलारा कोसळायला लागला, कारण त्याचे दोन्ही खांब एकाच वेळी गेले. शीतयुद्ध संपलं, तशी बाहेरची गरज संपली. आणि खाणीच ओरबाडून संपत आल्या; १९९०मध्ये कामोतो इथली मोठी खाण खचली आणि जेकामीनचं उत्पादन घसरत गेलं. २४ एप्रिल १९९०ला मोबुटूनं एकपक्षीय राजवट संपल्याचं जाहीर केलं. बोलताना त्याला रडू आवरेना. पण सत्ता त्यानं सोडली नाही. विरोधी पक्षांनाही त्यानं जुन्याच पद्धतीनं वागवलं : शेकडो पक्ष निघू दिले, त्यातल्या कित्येकांना पैसा स्वतःच पुरवला. त्याला शेवटपर्यंत विकत घेता आलं नाही ते एतिएन चिसेकेदी यांना. १९८०मध्ये ज्या १३ खासदारांनी मोबुटूला खुलं पत्र लिहिलं त्यांतले ते एक, आणि त्यापायी त्यांनी वारंवार तुरुंगवास भोगला.

वाटायला काही उरलं नाही तेव्हा नोटा छापल्या. जानेवारी १९९३मध्ये सैनिकांना पगार मिळाला तो ५० लाख झाईरच्या नव्या नोटांत. पंतप्रधान झालेल्या चिसेकेदींनी ती नोट बेकायदा ठरवली होती, दुकानदार ती घेईनात. जो झाईर सुरुवातीला २ डॉलरचा होता, त्याच्या ५० लाखांची ही नोट होती आणि तिला जेमतेम दोन-तीन डॉलर आले असते. पगार हातात असून भाकरी मिळत नाही म्हटल्यावर सैनिकांनी किन्शासा लुटली. १९९१च्या सप्टेंबरमध्ये ते एकदा हेच करून बसले होते. या वेळी शेकडो माणसं मेली, त्यांत फ्रान्सचे राजदूतही. मोबुटू तेव्हा राजधानीत फारसा नसेच. एकतर गबाडोलितेत, नाहीतर नदीत नांगरलेल्या आपल्या बोटीवर.

शेवटचा धक्का पूर्वेकडून आला. १९९४मध्ये शेजारच्या रवांडात हुतू जमातीच्या अतिरेक्यांनी तुत्सी जमातीचं हत्याकांड केलं. ते करणारे हारले आणि दहा लाखांहून अधिक हुतू निर्वासितांबरोबर झाईरमध्ये घुसले. मोबुटूनं त्यांना छावण्यांत शस्त्रं बाळगू दिली. तिथून ते रवांडावर हल्ले करत. ऑक्टोबर १९९६मध्ये रवांडा आणि युगांडा यांच्या बळावर एक बंडखोर फौज उभी राहिली. तिचं नेतृत्व लोराँ कबिला या जुन्या, जवळपास विस्मरणात गेलेल्या बंडखोराकडे होतं. तिच्या वाटेत हजारो निर्वासितांची कत्तल झाली. सात महिन्यांत ती देश ओलांडून राजधानीपर्यंत पोचली. झाईरचं सैन्य तिच्या पुढे पळत होतं आणि पळताना आपलीच गावं लुटत होतं. नेल्सन मंडेलांनी ४ मेला एका दक्षिण आफ्रिकी जहाजावर मोबुटू आणि कबिला यांची भेट घडवली, पण काही निष्पन्न झालं नाही. १६ मे १९९७ला मोबुटूनं किन्शासा सोडली. दुसऱ्या दिवशी कबिलाची माणसं शहरात आली. त्यांत कित्येक पोरं रबरी बूट घालून, शेकडो मैल चालून आलेली होती. मग गबाडोलिते, आणि ते मालवाहू विमान.

७ सप्टेंबर १९९७ला मोरोक्कोची राजधानी रबात इथं तो वारला. तिथल्या ख्रिस्ती दफनभूमीतच त्याची कबर आहे. चिसेकेदींचा मुलगा फेलिक्स २०१९पासून काँगोचा राष्ट्राध्यक्ष आहे. आणि जून २०२२मध्ये बेल्जियमनं एक छोटी निळी पेटी लुमुम्बांच्या मुलांच्या हाती दिली. तिच्यात तो दात होता. विमानानं तो काँगोला नेला, देशभर फिरवला. त्यासाठी मोठी शवपेटी केली होती, तिच्यावर राष्ट्रध्वज होता. किन्शासात त्याच्यासाठी स्मारक बांधलं आणि ३० जूनला, स्वातंत्र्याच्या बासष्टाव्या वाढदिवशी, पॅट्रिस लुमुम्बांचं दफन झालं.